विनोदी मालिकांतले महाबुद्धिमान शास्त्रज्ञ आणि त्यांची फजिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आम्ही काही शिक्षक, विद्यार्थी आणि नाटकवाली मंडळी शनिवारी संध्याकाळी एकत्र बसतो, विनोदी मालिकांचे निवडक तुकडे बघतो आणि त्यातल्या शास्त्रज्ञ पात्रांवर बोलतो. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे विज्ञानाची बाजू बहुतेक वेळा माझ्या वाट्याला येते. बैठकीनंतर, वर्गात, फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. मतं माझी आहेत.

विनोदी मालिका ही हसून सोडून द्यायची गोष्ट. तिच्यावर एवढी चर्चा कशाला?

हसायचं तर आहेच. पण बारावीनंतर बीएस्सीला जाऊ का, असं विचारायला येणाऱ्या मुलांशी बोलताना लक्षात येतं की त्यांच्या मनातला शास्त्रज्ञ पडद्यावरून आलेला आहे. तो जन्मापासून हुशार असतो, त्याला सगळं तोंडपाठ असतं आणि चार माणसांत त्याला धड वागता येत नाही. आपल्या शहरात नीरी ही पर्यावरणाची संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. तिथे काम करणारी माणसं आपल्याच गल्लीत राहतात, बाजारात संत्र्याचा भाव करतात, पोरांच्या ट्यूशनची काळजी करतात. तरीही "शास्त्रज्ञ" म्हटलं की मुलांना ती आठवत नाहीत, "द बिग बँग थिअरी" या अमेरिकी विनोदी मालिकेतला भौतिकशास्त्रज्ञ शेल्डन आठवतो.

हे चित्र निरुपद्रवी नाही. "मी काही जीनियस नाही, मला जमणार नाही" असं म्हणून चांगली मुलं मागे फिरतात, आणि ते बघताना मला मनापासून वाईट वाटतं.

पडद्यावरचा हुशार शास्त्रज्ञ नेहमी आपटतोच का?

आपटला नाही तर विनोद कुठून येणार? प्रश्न आहे तो कुठे आपटतो याचा.

त्याचं अपयश दोन प्रकारचं असतं. एक जगण्यातलं: त्याला गाडी चालवता येत नाही, मुलीशी बोलता येत नाही, समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही. दुसरं कामातलं: त्याचा प्रयोग फसतो, गणित चुकतं, सिद्धान्त कोसळतो. पहिला प्रकार लिहायला सोपा असतो, त्यामुळे मालिकांत तोच भरभरून सापडतो. १९६४ ते १९६७ या काळात अमेरिकेत चाललेल्या "गिलिगन्स आयलंड"मधला प्रोफेसर नारळाच्या करवंट्यांपासून वाटेल ती यंत्रं बनवतो, पण बेटावर अडकलेल्या सगळ्यांना घरी नेणारी फुटकी बोट काही त्याला दुरुस्त करता येत नाही. बोट दुरुस्त झाली तर मालिकाच संपेल, हे उघड आहे. मात्र त्याला ती का जमत नाही, यात कुणालाच रस नसतो. कारण नसलेलं अपयश पाहून हसू येतं आणि तिथेच संपतं.

दुसऱ्या प्रकाराला मेहनत लागते. काय चुकलं, कसं चुकलं, ते कुणाच्या आणि कधी लक्षात आलं, हे लेखकाला ठाऊक असावं लागतं. पण ते जमलं की तो भाग वर्षानुवर्षं विसरता येत नाही. आमच्या बैठकांत आम्ही मुख्यतः असे भाग शोधतो.

कामातलं अपयश चांगलं दाखवल्याचं एक उदाहरण द्याल?

"द बिग बँग थिअरी"चा तिसरा सीझन जिथे सुरू होतो तो भाग, सप्टेंबर २००९. (ही मालिका २४ सप्टेंबर २००७ ते १६ मे २०१९ या काळात चालली, १२ सीझन, २७९ भाग.) शेल्डन, लेनर्ड, हॉवर्ड आणि राज तीन महिने उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात राहून परत येतात. शेल्डन तिथे चुंबकीय एकध्रुव शोधायला गेलेला असतो, म्हणजे फक्त उत्तर किंवा फक्त दक्षिण टोक असलेला कण. त्याला हवी तशी रीडिंग मिळतात आणि आपण स्ट्रिंग थिअरी (सगळं काही सूक्ष्म तंतूंच्या कंपनांतून बनलंय असं मानणारा सिद्धान्त) सिद्ध केली असं तो विद्यापीठात सगळ्यांना मेलने कळवून टाकतो. मग मित्र कबुली देतात: रीडिंग येत नव्हती तेव्हा तुझं वागणं सहन होईना, म्हणून आम्ही विजेवर चालणारा डबा उघडण्याचा ओपनर चालू-बंद करत होतो. यंत्रावर दिसलेली थरथर त्या ओपनरची होती.

शेल्डनला जाहीरपणे दावा मागे घ्यावा लागतो. विद्यापीठात त्याचं हसं होतं, तो राजीनामा देऊन टेक्सासला आईकडे निघून जातो, आणि मित्रांना त्याच्या मागे जावं लागतं.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात दोष एकाचा नाही. मित्रांनी फसवलं, हे खरंच. पण हवं ते दिसताच पडताळणी न करता जगाला सांगायची घाई शेल्डनने केली. चुंबकीय एकध्रुवाच्या खऱ्या इतिहासातही अशी एक चुटपूट आहे. १४ फेब्रुवारी १९८२ रोजी स्टॅनफर्डमध्ये ब्लास काब्रेरा यांच्या उपकरणावर असा कण गेल्यासारखी एक नोंद झाली. तशी नोंद पुन्हा कधीच मिळाली नाही. काब्रेरांनी शोध लागल्याचा दावा केला नाही, आणि एका नोंदीवर विज्ञान उभं राहत नाही, म्हणून तो प्रश्न आजही उघडा आहे.

स्वयंपाकघरातल्या यंत्रामुळे शास्त्रज्ञ फसतील, हे पटतं का?

हे घडलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीला वर्षानुवर्षं अधूनमधून विचित्र, क्षणभर टिकणाऱ्या रेडिओ लहरी मिळत होत्या. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या लहरींशी त्यांचं साम्य होतं, पण त्या पृथ्वीवरूनच येत असाव्यात अशी शंका होती, कारण त्या नेमक्या माणसांच्या कामाच्या वेळात यायच्या. २०१५ मध्ये उलगडा झाला. तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचा दरवाजा कुणीतरी वेळ पूर्ण व्हायच्या आत उघडायचं, आणि त्या क्षणी बाहेर पडणारी लहर दुर्बीण पकडायची. मालिकेतला ओपनर त्याच्या सहा वर्षं आधीचा.

हा किस्सा सांगितला त्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पण आपण तं जर्नलमध्ये स्वतःच ओपनर चालवतो नं!" वर्गात एकदम शांतता. पोराचं खरं होतं. साध्या लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.८ यायला हवं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. मग उत्तरावरून उलटं गणित करून वेळ लिहिली जाते, आणि जर्नल देखणं दिसतं. त्या दिवशी एका मुलीने मात्र खरी रीडिंग दाखवली. तिचं उत्तर ९.६ आलं होतं. आम्ही दोघींनी शोधलं. तिने लांबी दोरा गोळ्याला जिथे बांधला होता तिथपर्यंतच मोजली होती, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही. ५० सेंटीमीटरच्या जागी ४९. शंभरात दोनची चूक, आणि उत्तरही बरोबर तेवढंच कमी. माझ्या दृष्टीने तिचं जर्नल सगळ्या वर्गात सरस होतं, कारण त्या ९.६ मधून ती जे शिकली ते बाकीच्यांच्या ९.८ मधून कुणीच शिकलं नाही.

एककं चुकण्यावरही एक भाग आहे म्हणतात. तो कोणता?

"बिग बँग"च्याच सातव्या सीझनमध्ये, २०१३ साली. शेल्डन एक अतिजड मूलद्रव्य तयार करण्याची रीत शोधतो, चिनी शास्त्रज्ञ ती वापरून बघतात आणि त्यांना मूलद्रव्य सापडतं. सगळीकडून कौतुक होत असताना शेल्डनच्या लक्षात येतं की आपण तक्ता वाचताना चौरस सेंटीमीटरच्या जागी चौरस मीटर धरलं, म्हणजे दहा हजार पटींची चूक. उत्तर बरोबर, रस्ता साफ चुकीचा. आणि लोक टाळ्या वाजवतायत.

पुढचं मला जास्त आवडतं. काही भागांनंतर लेनर्ड तोच प्रयोग पुन्हा करतो आणि ते मूलद्रव्य मुळात नव्हतंच असं दाखवून देतो. दुसऱ्याचा निकाल तपासणारा, स्वतःच्या नावावर काहीही नवं न लागणारा प्रयोग करणारा माणूस पडद्यावर क्वचितच दिसतो. इथे तो मित्र आहे, आणि त्या तपासणीने मैत्रीत जो ताण येतो तोही दाखवला आहे.

एककांची चूक ही शाळकरी चूक आहे असं मुलांना वाटतं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच हरवलं, ते याच चुकीने. एका गटाचं सॉफ्टवेअर आकडे पौंडांच्या हिशेबात देत होतं, दुसरा गट ते न्यूटनच्या हिशेबात वाचत होता. बोर्डाच्या पेपरात एकक न लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापला की जे पालक भांडायला येतात, त्यांना मी हीच गोष्ट सांगते.

स्टीफन हॉकिंग खरंच "बिग बँग"मध्ये आले होते?

हो, ५ एप्रिल २०१२ च्या भागात, स्वतःच्या भूमिकेत. शेल्डन त्यांना आपला शोधनिबंध दाखवतो आणि ते दुसऱ्या पानावरची बेरीज-गुणाकाराची साधी चूक काढतात. शेल्डन बेशुद्ध पडतो.

"बिग बँग"मधल्या फळ्यांवरची समीकरणं खरी असतात का?

असतात. डेव्हिड सॉल्झबर्ग हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मालिकेचे विज्ञान सल्लागार होते. संहितेतल्या विज्ञानाच्या जागा भरणं आणि फळ्यांवर काय लिहायचं ते देणं, हे त्यांचं काम. एमीचं काम करणाऱ्या मायम बियालिक यांनी त्याच विद्यापीठातून मेंदूविज्ञानात पीएच.डी. केली आहे. मात्र शेवटच्या सीझनमधली "सुपर असिमेट्री" ही कल्पना मालिकेसाठी रचलेली आहे. ती खऱ्या पुस्तकांत शोधू नका, मुलं शोधत बसतात.

कार्टून मालिकांतल्या शास्त्रज्ञांना तुम्ही एवढं महत्त्व का देता?

कारण गणितात खोलवर शिकलेले लेखक तिथे भेटतात, आणि त्यांनी अपयशातून खरं गणित काढून दाखवलं आहे. दोन उदाहरणं वेळ घेऊन सांगते, कागद-पेन घ्या.

पहिलं "द सिम्प्सन्स"मधलं. १९९८ च्या एका भागात होमर एडिसनसारखा संशोधक व्हायचं ठरवतो आणि एकामागून एक भिकार शोध लावतो. त्याच्या फळ्यावर एक ओळ दिसते: ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात. साध्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतं! पण फर्माच्या शेवटच्या प्रमेयाप्रमाणे असं होणं अशक्य आहे: घात दोनपेक्षा मोठा असेल तर पूर्ण संख्यांची अशी बेरीज कधीच जुळत नाही. मग चूक कुठे? कॅल्क्युलेटर दहाच अंक दाखवतो, फरक त्याच्या पलीकडे दडलेला आहे.

तो फरक पाचवीचं पोर पकडू शकतं. ३, ९, ८, ७ यांची बेरीज २७, म्हणजे ३९८७ ला ३ ने भाग जातो. ४, ३, ६, ५ यांची बेरीज १८, म्हणजे ४३६५ लाही जातो. डावी बाजू पूर्ण ३ च्या पटीत. उजवीकडे ४, ४, ७, २ यांची बेरीज १७. भाग जात नाही. खेळ खलास. याच मालिकेत १९९५ साली असंच एक खोटं समीकरण येऊन गेलं होतं: १७८२ आणि १८४१ यांचे बारावे घात मिळून १९२२ चा बारावा घात. ते तर सम-विषम पाहूनच कोसळतं, कारण सम आणि विषम मिळून विषम होणार आणि १९२२ चा घात सम. म्हणजे १९९८ चं समीकरण १९९५ च्या समीकरणापेक्षा हुशारीने रचलं होतं. ते रचणारे डेव्हिड एक्स. कोहेन. आणि ज्या प्रमेयावर हा सगळा विनोद उभा आहे त्याची सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये जाहीर केली, तिच्यात भगदाड सापडलं, आणि ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला. त्या सव्वा वर्षात त्या माणसाचं काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

दुसरं "फ्युचरामा"चं. म्हातारा प्रोफेसर फार्न्सवर्थ दोन माणसांची मनं अदलाबदल करणारं यंत्र बनवतो. वापरून झाल्यावर कळतं की त्याच दोन शरीरांची पुन्हा अदलाबदल होत नाही. यंत्र सदोष, सगळे चुकीच्या शरीरांत अडकलेले. आता सोडवायचं कसं? २०१० मधला हा भाग लिहिणाऱ्या केन कीलर यांची पीएच.डी. उपयोजित गणितातली. त्यांनी सिद्ध केलं की गोंधळ कितीही मोठा असो, बाहेरची दोन ताजी माणसं आणली की सगळे आपापल्या जागी परत जातात.

आम्ही हे चार मुलांना चार रंगांच्या टोप्या घालून केलं. क आणि ख यांच्या टोप्या आपसांत बदललेल्या, ग आणि घ बाहेरून आलेले. अट एकच, एका जोडीने एकदाच बदलायचं. क-ग, ख-घ, क-घ, ख-ग, शेवटी ग-घ. पाच बदलांत प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःची टोपी! तुम्हीही घरी करून बघा. यंत्राचा दोष नसता तर हा प्रश्नच पडला नसता, आणि प्रमेयही आलं नसतं.

माझा मुलगा शेल्डनसारखं बोलतो, मित्रांना मूर्ख म्हणतो. मालिका बंद करू का?

मालिका बंद करून काही होणार नाही, सोबत बसून बघा. शेल्डनचा उद्धटपणा दिसतो, पण त्याला गाडीने कोण नेतं, आजारी पडल्यावर सूप कोण देतं, टेक्सासपर्यंत त्याच्या मागे कोण जातं, हे मुलाला विचारा. ती माणसं नसती तर तो एक सीझनही टिकला नसता.

शेल्डनला ऑटिझम आहे का?

निर्मात्यांनी त्याला असं कोणतंही निदान दिलेलं नाही. आईने लहानपणी तपासणी करून घेतली होती, असं तो स्वतः वारंवार सांगतो. घरातल्या मुलाबद्दल शंका असेल तर बालविकासतज्ज्ञांना भेटा, पडद्यावरच्या पात्राशी तुलना करून निष्कर्ष काढू नका. आणि ज्या गोष्टी खऱ्या मुलांना रोज झगडून निभवाव्या लागतात त्यांवर आलेल्या हशाला आमच्या बैठकीत आम्ही थांबवतो आणि बोलतो.

बायका शास्त्रज्ञ म्हणून कशा दिसतात?

सुरुवातीला जवळजवळ दिसतच नाहीत. "बिग बँग"च्या पहिल्या सीझनमध्ये लेस्ली विंकल ही प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ आहे. शेल्डनच्या फळ्यावर अडलेलं ती येता-जाता दुरुस्त करून टाकते, त्याला ते झोंबतं, आणि त्या झोंबण्यात उत्तम विनोद आहे. पुढे हे पात्र मालिकेतून गळालं, याची मला आजही रुखरुख आहे. नंतर एमी आणि बर्नाडेट आल्या, एक मेंदूविज्ञानात, दुसरी सूक्ष्मजीवशास्त्रात. पण लेखक त्यांना प्रयोगशाळेत कमी आणि दिवाणखान्यात जास्त ठेवतात, त्यामुळे कामात आपटण्याची संधीही पुरुषांच्याच वाट्याला येते. फसलेला प्रयोग दाखवायचा तर आधी बाईच्या हातात प्रयोग द्यावा लागतो. शेवटच्या भागात नोबेल घेताना एमी मुलींना विज्ञानात यायला सांगते, ते मात्र खणखणीत आहे.

डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. स्त्री काढली फक्त २८ जणींनी, आणि त्या सगळ्या मुली होत्या. मी दरवर्षी नव्या वर्गाला हेच चित्र काढायला लावते. विस्कटलेले केस आणि धूर निघणारी काचेची नळी अजून काही हटलेली नाही, पण साडीतली शास्त्रज्ञ आता दिसू लागली आहे. मंगळयानाच्या वेळच्या, इस्रोतल्या साड्या नेसलेल्या बायकांच्या त्या फोटोचा यात मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

राज कूत्रपल्लीबद्दल काय मत?

खगोलभौतिकशास्त्रज्ञ, दिल्लीचा, आणि सहावा सीझन संपेपर्यंत दारू पोटात गेल्याशिवाय बायकांशी बोलू न शकणारा. त्याचं संशोधन फसताना फार कमी वेळा दिसतं, त्याचे उच्चार आणि त्याचं एकटेपण मात्र सतत. चारांतला एकमेव भारतीय, आणि त्याच्या कामाला सगळ्यांत कमी जागा.

आपल्या मालिकांत असं कुणी आहे का?

फार थोडे. जुलै २००८ पासून चालू असलेल्या "तारक मेहता का उल्टा चष्मा"मधले अय्यर शास्त्रज्ञ आहेत. तनुज महाशब्दे हे पात्र करतात. इतकी वर्षं रोज घरात येणारा शास्त्रज्ञ, पण तो काय शोधतोय हे शेजाऱ्यालाही सांगता येणार नाही. विनोद सगळा जेठालालशी चालणाऱ्या कुरबुरीचा. ९० च्या दशकात हिंदी डबिंगमधून आपल्याकडे आलेल्या "स्मॉल वंडर"मध्ये यंत्रमुलगी घडवणारे वडील होते, आणि २००३ मध्ये त्याच धर्तीवर "करिश्मा का करिश्मा" आली. तिथे भीती एवढीच की शेजाऱ्यांना गुपित कळेल. "साराभाई"तला दुष्यंत घरातली उपकरणं समजावून सांगत सगळ्यांचा जीव खातो, पण तो शास्त्रज्ञ नव्हे.

मराठीत पाटी जवळजवळ कोरी आहे. डॉक्टर, वकील, मास्तर, सरपंच, पोलीस, सगळ्यांवर स्किट झाली. प्रयोगशाळेतला माणूस राहिला.

शेवटी शेल्डनला नोबेल मिळतं. मग अपयशाचं काय उरलं?

ही माझी सगळ्यांत मोठी तक्रार आहे. बारा वर्षं आपटत आलेल्या माणसाला शेवटी झटपट नोबेल. वाटेत एक रशियन निबंध शेल्डन आणि एमीचा सिद्धान्त खोडतो, दोघं खचतात, पण वाट सापडते, मग फर्मिलॅबच्या दोन शास्त्रज्ञांना अपघाताने पुरावा मिळतो आणि त्याच वर्षी पुरस्कार. पीटर हिग्ज यांचा निबंध १९६४ चा, कण सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ ला, नोबेल २०१३ ला. ४९ वर्षं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या ताऱ्यांवरच्या कामाची ११ जानेवारी १९३५ ला लंडनमध्ये भर सभेत आर्थर एडिंग्टन यांनी खिल्ली उडवली, आणि नोबेल आलं १९८३ मध्ये.

आणि ज्यांना कधीच मिळत नाही त्यांचं काय? २०११ च्या सप्टेंबरात "ऑपेरा" नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगातल्या गटाने जाहीर केलं की न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचले. आमचं काय चुकलंय ते शोधा, असंच त्यांनी जगाला विचारलं होतं. पुढे प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती हे निघालं, आणि २०१२ च्या मार्चमध्ये गटाच्या प्रमुखांनी पद सोडलं. या प्रसंगावर मालिका काढली तर तिच्यात हसू आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही येईल.

आपल्या जयंत नारळीकरांची गोष्ट तर आणखी मोठी. विश्व महास्फोटातून सुरू झालं या सिद्धान्तासाठी "बिग बँग" हे नाव १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर फ्रेड हॉइल यांनी वापरलं, आणि त्यांना स्वतःला तो सिद्धान्त मान्य नव्हता. विश्वाला सुरुवात नाही, अशी त्यांची मांडणी. नारळीकर त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी. १९६५ मध्ये आकाशातून सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक जग बिग बँगकडे गेलं. नारळीकर मात्र तपासत राहिले. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारित मांडणी पुढे आणली. बहुमत त्यांच्या बाजूला आलं नाही. पण त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, गावोगावच्या पोरांच्या पत्रांना उत्तरं दिली, आणि २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. आपल्या मांडणीमागे जग येत नसताना माणूस इतका प्रसन्न, इतका उपयोगी राहू शकतो, हे कुठल्या मालिकेने दाखवलंय? मला ते बघायचंय.

आम्ही एकांकिका करतो. शास्त्रज्ञावर विनोदी काही लिहायचं तर कुठून सुरू करू?

चुकीपासून. आधी नेमकी चूक ठरवा: सैल वायर, उलटं लावलेलं लेबल, थंडीत नीट न चालणारा काटा. ती तुम्हाला स्वतःला पूर्ण समजली पाहिजे. मग ती कुणाच्या लक्षात येते ते ठरवा. हुशार माणसाच्या लक्षात येण्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या परिचराच्या किंवा पहिल्या वर्षाच्या मुलीच्या लक्षात आली तर नाटक आपोआप उभं राहतं. "द मपेट शो"मधल्या डॉ. बन्सन हनीड्यूचे प्रयोग बघा. फसतो डॉक्टर, भाजतो त्याचा मदतनीस बीकर. किंमत कोण मोजतं हा प्रश्न त्या पाच मिनिटांत लहान मुलालाही कळतो.

दुसरं, पात्राला आपली बोली द्या. दूरचित्रवाणीवर वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा माणूस आला की तो गडी, भांडखोर शेजारी किंवा गावचा भोळा असतो. शेल्डन टेक्सासचा आहे, त्याच्या आईचं बोलणं खास तिकडचं, आणि लेखकांनी त्यातून माणूस उभा केला. मग काटोलची किंवा हिंगणघाटची मुलगी पीएच.डी. करून परिषदेत उभी राहिली, आकडा चुकलाय हे मंचावरच तिच्या लक्षात आलं आणि तोंडून "अरे देवा, हे काहून झालं!" निघालं, तर सभागृह तिचं होईल. एवढंच पाहा की हसू त्या चुकीवर यावं, बोलीवर नाही.

तिसरं, प्रत्यक्ष जागा बघा. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात एक दिवस घालवा. चंद्रशेखर वेंकट रामन वित्त खात्याच्या नोकरीत असताना काही काळ नागपुरात होते, म्हणून ते नाव. सरकारी हिशेबाच्या वह्या सांभाळणारा तरुण, डोक्यात मात्र ध्वनीच्या लहरी, हे एकांकिकेचं बीज आपल्याच शहरात पडलेलं आहे. नीरीत किंवा कापूस संस्थेत ओळखीचं कुणी असेल तर त्यांना एकच विचारा: शेवटचा प्रयोग कधी फसला आणि कसा कळला? लोक भरभरून सांगतात, मी विचारून पाहिलंय.

बैठकीला यायचं तर काय लागतं?

काही नाही. प्रवेश सगळ्यांना, शुल्क नाही, वयाची अट आठवीच्या पुढे. इंग्रजी तुकड्यांना उपशीर्षकं असतात आणि अडलं तर थांबवून मराठीत सांगतो. उन्हाळ्यात सहाऐवजी सात वाजता सुरू करतो, कूलर असतो पण पाण्याची बाटली आणा. एकांकिका वाचून दाखवायची असेल तर संहिता दहा पानांच्या आत ठेवा, आणि पहिल्या पानावर फक्त एवढं लिहा की तुमच्या शास्त्रज्ञाकडून नेमकी कोणती चूक झाली आहे.